हिरा हे नाव वरसखोलात मुलींचं कसं झालं

हा समोर दिसतो तो हाकेचा कातळ. जपून चढा, खालचा भाग शेवाळानं निसरडा असतो. वर उभं राहिलं की खाडीचं तोंड, पलीकडची वाळू आणि त्यामागचा उघडा समुद्र एका नजरेत येतो. डाव्या हाताला ती खोलगट जागा दिसते ना, तिथं पूर्वी शिडाचे मचवे ओढून ठेवायचे. आता इंजिनाच्या होड्या लागतात. कातळाची ही कड अशी गुळगुळीत झालीय ती काही लाटांनी नाही, लाट एवढी वर येत नाही. ती बायकांच्या पायांनी झिजली, असं सांगतात.

मघाशी टपरीवर तुमच्यापैकी कुणीतरी हसून विचारलं, की चहा देणारी हिरा, शाळेतल्या बाई हिरा, आणि दप्तर आपटत पळाली ती पोरही हिराच, हे कसं काय? आमच्या शेजारच्या गावांत हिरा हे बाप्यांचं नाव. खाडीपलीकडं जाऊन 'हिरा आली' म्हणालात तर लोक तुमच्या तोंडाकडं बघतील. आणि वरसखोलात कुणा मुलाला हिरा म्हणालात तर तो भांडायला उठेल. नाव एकच, मधे एवढीशी खाडी. तिथं मी मुद्दामच उत्तर दिलं नाही. ही गोष्ट इथंच सांगायची असते. बसा.

आमचं गाव खारव्यांचं, समुद्रावर पोट भरणाऱ्यांचं. फार पूर्वी हिरा तांडेल नावाच्या माणसानं वादळातून पहिलं गलबत या खाडीत आणलं आणि गाव वसवलं, असं म्हणतात. तांडेल म्हणजे गलबताचा प्रमुख. त्याची आठवण म्हणून घरटी थोरल्या मुलाचं नाव हिरा ठेवायचे. एका आळीत चार-चार हिरा असायचे. मग उंच हिरा, डावखुरा हिरा, सगुणेचा हिरा, अशी त्यांची ओळख. तिन्हीसांजेला मचवे परतायच्या वेळी बायका या कातळावर यायच्या आणि धुक्यात, अंधुक उजेडात काही दिसेना झालं की हाक मारायच्या, "हिरा होऽऽ!" एका हाकेला समुद्रातून चार ठिकाणांहून "ओ" यायची. आईला आपल्या पोराची ओ बरोबर कळायची म्हणे. कळली की ती खाली उतरून चूल पेटवायला जायची.

यातली सगुणा नावाची एक विधवा. नवरा तापानं लवकर गेला. तिला दोन मुलं. थोरला हिरा, त्याच्या पाठची एक मुलगी. मुलीचं नाव मी सांगत नाही, त्याचं कारण पुढं येईल. भाऊबहिणीचा आवाज एका घडणीचा होता, जरासा घोगरा. मुलीची मैत्रीण भागू शेजारच्या घरातली, घरांमागची परडी एकमेकांना लागून. ती चेष्टा करायची, "गो, तू परड्यातून बोलतेस आणि मला वाटतं हिरा घरी आला." सगुणा त्यावर हसायची. हिराच्या डोक्यावरून हात फिरवायची तिला सवय होती. एवढा मोठा बाप्या झाला तरी तो जेवायला बसला की तिचा हात त्याच्या केसांत जायचा.

मुलीचं लग्न खाडीपलीकडच्या लखमाशी ठरलं होतं. मुलगा चांगला होता. जाळं विणण्यात हात धरणारा कुणी नव्हता त्याचा. पावसाळा उतरला की लग्न करायचं ठरलं. त्या वर्षी वैशाख संपत आला असताना हिरा मिठाच्या गलबतावर दक्षिणेला जायला निघाला. त्या हंगामातली ती शेवटची खेप.

सगुणा म्हणाली, "आता नको जाऊस. आभाळ कसं झालंय बघ."

"आये, चार दिवसांचं काम. बहिणीला लग्नात नेसायला मंगळूरचं लुगडं आणतो," हिरा म्हणाला आणि गेला.

ते गलबत परत आलं नाही. त्या वर्षी वैशाखातच मोठं वादळ झालं. किनाऱ्याला एक फळीसुद्धा लागली नाही. इतर घरांनी रडून घेतलं, दिवस घातले, आणि पोटासाठी जे करायचं ते करायला लागली. सगुणा मात्र रडली नाही. ती या कातळावर येऊन उभी राहिली. पाऊस लागला तरी ती दुपार कलली की यायची, भिजत उभी राहायची आणि हाक मारायची. समुद्राच्या त्या आवाजात हाक दहा हातांवर जात नसेल. मुलगी तिला ओढून घरी न्यायची. सगुणा ताटाला हात लावायची नाही. "तो आला की त्याच्याबरोबर जेवीन," म्हणायची. श्रावण लागला तोवर ती हाडं मोजून घ्यावीत अशी झाली होती. वैद्यानं नाडी बघितली आणि मुलीला बाहेर बोलावून सांगितलं, "पोटात काही गेलं नाही तर गणपती बघायची नाही ही."

त्याच संध्याकाळी ती गोष्ट घडली. सगुणा कातळावर होती. पाऊस थांबला होता आणि समुद्र त्या दिवशी पहिल्यांदा जरा निवळला होता. मुलगी आईला न्यायला आली, पण वर चढली नाही. ती त्या खालच्या खोलगटात, ओढून ठेवलेल्या मचव्यांच्या मधे उभी राहिली. वरून हाक आली, "हिरा होऽऽ!"

आणि खालून मुलीनं ओ दिली.

"ओऽऽ! आलो गो आये!"

'आले' नाही म्हणाली, 'आलो' म्हणाली. तिनं हे ठरवलं होतं की तोंडातून निघून गेलं, कोण जाणे. भागू तेव्हा पाणी भरून परत येत होती. ती म्हणायची, की माझ्या अंगावर काटा आला, मला खरंच हिराच वाटला. सगुणा कातळावरच मटकन बसली आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडली. मग आपल्या पायांनी खाली उतरली. अंधार पडत आला होता, आणि दोन-तीन महिने पावसावाऱ्यात समुद्राकडं टक लावून तिची नजरही अधू झाली होती. तिनं मुलीचा हात धरला आणि म्हणाली, "किती रे उशीर केलास." घरी येऊन मुलीच्या हातून पेज प्याली.

मुलीला वाटलं होतं, एकदाच. आईच्या पोटात अन्न गेलं की झालं. पण सकाळी सगुणा उठली आणि तिनं विचारलं, "हिरा, रात्री झोप लागली ना?"

मुलीनं भागूला परड्यात गाठलं. "आता काय करू?"

"खरं सांगून टाक," भागू म्हणाली.

"सांगितलं आणि परत कातळावर गेली तर?"

सगुणेचा हात सवयीनं डोक्यावर येणार हे मुलीला ठाऊक होतं. दुपारी तिनं भागूच्याच हातात कोयती दिली आणि आपले केस कापून घेतले. त्या काळी केस उतरवायचे ते विधवेचे. लग्न ठरलेल्या पोरीचे केस आपल्या हातानं कापताना भागू रडत होती, आणि मुलगी तिला म्हणत होती, "सरळ काप गो, वेडंवाकडं लागलं तर तिला कळेल." मग तिनं भावाचा सदरा चढवला आणि आईपुढं जेवायला बसली. सगुणेचा हात आला, केसांत फिरला आणि तिथंच राहिला.

गावचे जाणते जाखमातेच्या देवळात बसले. सगुणा जगायला हवी, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. तिला मुलगी कुठं गेली असं वाटायला नको म्हणून बायकांनी तिला सांगितलं, की तुझ्या आजारपणातच पोरीचं लग्न उरकलं, ती सासरी नांदतेय. आणि जाणत्यांनी गावाला सांगितलं, की सगुणा आहे तोवर या मुलीला तिच्या नावानं कुणी हाक मारायची नाही. वाऱ्यावरून आवाज कुठंही जातो. म्हातारीच्या कानी पडला तर सगळंच फसेल. हिराच म्हणायचं.

गावानं हे दयेपोटी केलं. मी हे प्रत्येकाला सांगतो, कारण ऐकणाऱ्याला गावाचा राग येतो. त्या दिवशी देवळात वाईट माणूस एकही नव्हता. पण मुलीला काय वाटतं, हे तिथं कुणी विचारल्याचं काही ऐकिवात नाही.

मग ती हिरा झाली. हिरानं घरी बसून चालणार नव्हतं, सगुणा विचारायची, "आज मचव्यावर नाही का गेलास?" तेव्हा गावच्या पुरुषांनी तिला जवळच्या मासेमारीला आपल्यात घेतलं. पहिल्या दिवशी सगळे गप्प होते. दुसऱ्या हंगामाला कुणीतरी सहज म्हणालं, "हिरा आला, चला." तिसऱ्या हंगामाला कुणाला त्यात वेगळं काही वाटेनासं झालं. तिला वारा कळायचा, पाण्याचा रंग बघून मासळी कळायची. समुद्रावर ती सुखात असायची असंही सांगणारे आहेत, आणि मला ते खोटं वाटत नाही. नंतर जन्मलेली पोरं तर तिला हिराकाका म्हणायची. एकदा एका पोरानं आपल्या आईला विचारलं, की हिराकाकाला दाढी का नाही? आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग स्वतःच चुलीपाशी तोंड फिरवून बसली.

लखमाला सगळं सांगितलं होतं. तो समजूतदार होता. पहिल्या वर्षी आला, म्हणाला थांबतो. दुसऱ्या वर्षी आला तेव्हाही म्हणाला थांबतो. येताना खाडीतली कालवं आणायचा, सगुणेला आवडायची म्हणून. सगुणा त्याला जावई समजून विचारायची, "माझी पोर बरी हाय ना?" तो म्हणायचा, "बरी हाय." तीच पोर तिथं खांबाला टेकून, भावाच्या सदऱ्यात, खाली मान घालून उभी असायची.

अशी बरीच वर्षं गेली. लखमाच्या घरी आईबाप थकले, घरात बाई हवी झाली. शेवटी तो एकदा आला तो धक्क्यावरच थांबला. होडीतून उतरला नाही. समोर मचव्यापाशी ती जाळं झटकत होती. त्यानं तिला हाक मारली. हिरा म्हणून नाही, तिच्या नावानं. मोठ्यानं.

तिचे हात थांबले, असं सांगतात. तिनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग वर घराकडं बघितलं. अंगणात सगुणा उन्हाला बसली होती. धक्क्यापासून अंगण काही लांब नव्हतं. लखमानं पुन्हा हाक मारली. तिथं असलेल्या सगळ्यांनी कामं सोडली होती आणि सगळे तिच्याकडं बघत होते. एखाद्यानं जरी म्हटलं असतं, 'जा गो पोरी, आम्ही बघतो म्हातारीचं', तर ती गेली असती असं मला वाटतं. कुणी म्हटलं नाही. तिनं ओ दिली नाही. खाली बघून जाळं झटकायला लागली. लखमानं थोडा वेळ वाट बघितली आणि होडी फिरवली.

ती हिरा झाल्यापासून वरसखोलात तिचं नाव उघड्यावर उच्चारलं गेलं ते तेवढंच. त्यानंतर नाही.

इकडं गावात दुसरंच काही होत होतं. सगुणेचा हिरा बुडाल्यापासून कुणी आपल्या मुलाचं नाव हिरा ठेवेना. एक तर बुडालेल्याचं नाव, पोराला कशाला ठेवा, अशी बायकांची भीती. शिवाय ते नाव कुणीतरी वाहतंय, त्या नावाची ओ कुणीतरी देतंय, ते मधेच काढून दुसऱ्याला कसं द्यायचं, असंही त्यांना वाटे. उंच हिरा म्हातारा होऊन वारला. डावखुरा हिरा घाटावर जाऊन राहिला. बाकीचेही एकेक करून गेले. होता होता सगळ्या वरसखोलात हिरा नावाचं एकच माणूस उरलं, आणि ती बाई होती.

सगुणा खूप जगली. ज्या बाईला गणपती दिसणार नव्हते तिनं मैत्रिणींची नातवंडं बघितली. पोरीनं तिला काही कमी पडू दिलं नाही. शेवटी डोळे पार गेले, अंथरूण धरलं. एका दुपारी भागू तिच्यासाठी लिंबाचं पाणी घेऊन आली आणि दारातच थांबली, कारण आत बोलणं चाललं होतं. पुढचं सगळं भागूनं ऐकलेलं आहे.

सगुणा म्हणत होती, "हिरा, तुझ्या बहिणीला बोलावून आण रे."

"कशाला आये?"

"सासरी गेली ती एकदा पण माहेरी आली नाय. गणपतीला नाय, शिमग्याला नाय. मी वाट बघते दर वर्षाला. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाय कधी. माझ्यावर रागावली काय ती?"

इतकी वर्षं मुलगी समजत होती, की आईचं एक दुःख आपण मिटवलं. त्याच्या जागी दुसरं उभं राहिलं होतं, आणि ते म्हातारीनं तिच्यापासूनच लपवून ठेवलं होतं. ती आईच्या उशाशी सरकली.

"आये, मीच ती. मी तुझी पोर. कुठं गेले नाय मी, इथंच होते."

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा आईशी बाईसारखी बोलली. सगुणेनं हात वर केला, चाचपडत तिच्या डोक्यावर ठेवला. कापलेल्या केसांतून हात फिरवला आणि हसली.

"तू माझा हिरा. आईला बरं वाटावं म्हणून काय पण बोलशील. जा, तिला घेऊन ये."

मुलीनं पुन्हा सांगितलं. शपथ घेऊन सांगितलं. लहानपणी मी न्हाणीत घसरून पडले होते, तू मला हळद लावली होतीस, असं काय काय सांगितलं. सगुणा ऐकत राहिली आणि म्हणाली, "तुझ्या ध्यानात हाय रे सगळं तिचं. तुझा जीवच होता तिच्यावर." मग जरा वेळानं तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "हिरा, तिला काय म्हणायचो रे आपण? तिचं नाव? माझ्या तोंडात येत नाय."

मग मुलगी वाकली आणि तिनं आपलं नाव आईच्या कानात सांगितलं. भागूला ओठ हलताना दिसले. शब्द ऐकू आला नाही.

"हां," सगुणा म्हणाली. "तेच. तिला सांग, मी रागावले नाय. ये म्हणावं."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती गेली. लेकीची वाट बघत गेली, आणि डोकं लेकीच्या मांडीवर होतं.

दिवस झाले. मुलगी आता पन्नाशीकडं आली होती. गावाला वाटलं, झालं, सुटली. मचव्यावरून हाक आली, "हिरा, चल!" ती अंगणात बसली होती. तिनं ओ दिली नाही. पुन्हा हाक आली, तरी ती बसूनच. ती त्या नावाला ओ द्यायची ती आईसाठी. आई नव्हती.

भागू तिच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "बरोबर हाय तुझं. आता कशाला हिरा? आता तुला तुझ्या नावानं..." आणि पुढं तिचं तोंड उघडंच राहिलं. जिच्याबरोबर ती सागरगोटे खेळली, जिच्या नावानं परड्यातून दिवसाला वीस हाका मारल्या, तिचं नाव तिला आठवेना. आधी दोघी हसल्या. मग भागूला घाम फुटला.

"अगो, ओठांवर हाय माझ्या. सांग ना."

"नको," ती म्हणाली. "तू आठव. आठवलं की हाक मार. मी ओ देईन."

तिनं स्वतः का सांगितलं नाही, हे मला विचारू नका. कुणी म्हणतात तो राग होता. कुणी म्हणतात, आईच्या कानात सांगून टाकलं तेव्हाच ते संपलं. मला वाटतं, तिला एकदा कुणीतरी आपणहून हाक मारायला हवी होती. पण हे माझं वाटणं, गोष्टीत तसं नाही.

भागूनं सगळं केलं. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. कुणी एक नाव सांगे, कुणी दुसरं, आणि दोघं आपापसांत भांडत. होडी घेऊन खाडीपलीकडं लखमाकडं गेली. त्याला ते नाव नक्की ठाऊक असणार होतं. पण लखमा आदल्या वर्षीच वारला होता. त्याची बायको दारात येऊन म्हणाली, "त्यांनी त्या बाईचं नाव कधी घेतलं नाय माझ्यापुढं." परत येऊन भागू एकेक नाव घ्यायची. संध्याकाळी तिच्या अंगणाच्या दगडी गडग्याशी उभी राहून हाक मारायची, "गोमू? ... आनशी? ... बयो?" ती आतून मान हलवायची. कधी हसायची. कधी नुसतीच भागूकडं बघत राहायची. अशी काही वर्षं ती जगली, तिला कुठल्या नावानं हाक मारावी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक 'अगो' म्हणायचे, 'बाय' म्हणायचे. मग एका पावसाळ्यात ती गेली. तिला नेताना भागू या कातळापर्यंत मागं मागं आली, आणि स्वतःला ठाऊक होती तेवढी बायकांची सगळी नावं तिनं मोठ्यानं घेतली.

पुढं भागूच्या मुलाला मुलगी झाली. बारशाला आत्यानं विचारलं, नाव काय ठेवायचं? भागू म्हणाली, "हिरा."

ओटीवर पुरुष बसले होते, त्यांतला एक जाणता म्हणाला, "भागू, ते बाप्याचं नाव. तांडेलाचं नाव. पोरीला कसं शोभेल?"

भागू पाळण्याशी बसली होती ती उठून ओटीवर आली. म्हणाली, "तांडेलानं या नावाला किती वर्षं ओ दिली? एका बाईनं जन्मभर दिली. तिचं होतं ते नाव आपण सगळ्यांनी मिळून घालवलं. निदान हे तरी तिच्याकडं राहू दे. आजपासून हे पोरींचं."

देवळात बसलेल्यांपैकी एक-दोघं अजून जिवंत होते, ते त्या ओटीवर होते. ते खाली बघत राहिले. मग पोरीचं नाव हिरा ठेवलं. पुढच्या वर्षी आणखी एका घरानं ठेवलं. मग ज्यांच्या घरात पूर्वी थोरला मुलगा हिरा असायचा, त्यांच्याकडं थोरली मुलगी हिरा व्हायला लागली.

हे सगळं किती जुनं ते मला सांगता येणार नाही. माझ्या आजीनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं. आता दवाखान्यात बाळंतपणं होतात. मुली शिकून मुंबईला, त्याच्याही पलीकडं जातात. तिथले लोक विचारतात म्हणे, हे कसलं जुनाट नाव? एक-दोघींनी बदलूनही घेतलं. मला वाईट वाटलं, पण मी त्यांना काही बोललो नाही. कुणी कुठल्या नावाला ओ द्यायची हे या गावानं आता कुणाला सांगू नये.

बारसं मात्र इथं येऊनच करतात. आजही वरसखोलात कुठल्याही घरचं बारसं असो, मुलाचं असो की मुलीचं, आत्या बाळाच्या कानाशी वाकण्याआधी घरातली सगळ्यांत वडील बाई उठते आणि समुद्राच्या बाजूचं दार उघडते. तिथं उभी राहून ती एखादं जुनं, बाईचं नाव घेऊन हाक मारते. कुठलं घ्यायचं ते तिचं तिनं ठरवायचं. पाळणा थांबवलेला असतो. पोरंसोरंसुद्धा तेवढा वेळ गप्प बसतात. मागच्या महिन्यात माझ्या नातीच्या मुलाचं बारसं झालं, तेव्हा माझ्या बायकोनं 'वेणू' म्हणून हाक मारली होती. आम्ही सगळे थांबलो.

ओ आली नाही. मग तिनं दार लोटून घेतलं आणि आम्ही बाळाचं नाव ठेवलं.